प्लीहेच्या धमनीचा फुगवटा: उपचार कधी लागतात?
पोटातील अवयवांच्या धमन्यांना फुगवटा, म्हणजे अ‍ॅन्युरिझम, क्वचितच येतो. त्यात प्लीहेच्या धमनीचे प्रमाण सर्वाधिक. बहुतेकांना त्रास नसतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये तो दिसतो. सीटी अँजिओग्राफीने आकार व जागा नक्की कळते.

त्रास नसलेला, ३ सेंमीपेक्षा लहान फुगवटा सहसा नियमित तपासणीखाली ठेवतात. मात्र तुम्ही गर्भवती असाल किंवा मूल होण्याचे वय असेल, तर लहान फुगवट्यावरही उपचार सुचवतात. गरोदरपणात तो फुटल्यास आई व बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो.

कॅथेटरमधून कॉइल घालून फुगवटा बंद करतात किंवा शस्त्रक्रियेने धमनी बांधतात. प्लीहा काढावी लागल्यास जंतुसंसर्ग टाळण्यासाठी लसी घ्या.

पोटात अचानक तीव्र वेदना आणि चक्कर आल्यास लगेच रुग्णालय गाठा.