फ्रीड्राइख अटॅक्सियातील श्वसन
हायडलबर्गचे वैद्य निकोलाउस फ्रीड्राइख यांनी १८६३ साली जिचे वर्णन केले आणि जिचे मूळ नवव्या गुणसूत्रावरील फ्रॅटॅक्सिन प्रथिनाच्या जनुकात असल्याचे १९९६ मध्ये निश्चित झाले, त्या आनुवंशिक व्याधीत फुप्फुसे स्वतः बहुधा निरोगी असतात. बिघडते ती श्वास चालविणारी यंत्रणा. पाठीचा कणा बाजूस वळून छातीचा पिंजरा आखडतो, स्नायूंचा मेळ सुटतो आणि रुग्णाला एका दमात लांब वाक्य पुरे करवत नाही. खोकल्याचा जोर ओसरणे हे वस्तुतः अधिक घातक, कारण श्वासनलिकेत चुकून उतरलेला पाण्याचा घोटही मग नीट बाहेर फेकला जात नाही व न्यूमोनियास वाव मिळतो. काहींना निद्रेतील श्वासरोधही जडतो. मृत्यूचे मुख्य कारण मात्र हृदयविकारच. सबब धाप लागू लागताच हृदयाचीही तपासणी करतात.