लाल तंबूतलं बातमीपत्र

मेसेज पाठवला की आधी एक टिक येते, मग दोन, मग त्या निळ्या होतात. आमच्या नेटवर्कच्या भाषेत ही अ‍ॅक्नॉलेजमेंट, साध्या मराठीत पोच. पोच यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी आपण कासावीस होतो. आजची गोष्ट मात्र अशा लोकांची आहे ज्यांना पोच मिळायला बारा दिवस लागले, आणि ती मिळाली चक्क रेडिओवरच्या बातम्यांमधून!

साल १९२८. आपल्याकडे मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू होऊन जेमतेम दहा महिने झाले होते. तिकडे इटलीचा जनरल उम्बेर्तो नोबिले 'इटालिया' नावाचं एअरशिप (म्हणजे हायड्रोजन भरलेला अजस्र फुगा आणि खाली माणसं बसायची केबिन) घेऊन उत्तर ध्रुवावर निघाला. २४ मे रोजी ते ध्रुवावर पोचले. परतताना २५ मेच्या सकाळी एअरशिप स्वालबार्डच्या ईशान्येला बर्फावर आदळलं. केबिन फुटली आणि दहा माणसं बर्फावर फेकली गेली. त्यातला एक तिथेच गेला. उरलेल्या सहा जणांना घेऊन तो फुगा वाऱ्याबरोबर वर उडाला, तो परत कोणाला दिसलाच नाही.

बर्फावरचे नऊ जण. नोबिलेचा पाय मोडलेला, आणखी एकाचा पाय मोडलेला. सामानात एक तंबू सापडला. विमानातून दिसावा म्हणून त्यांनी तो लाल रंगाने माखला. आणि सापडला 'ओंदिना' नावाचा छोटा शॉर्टवेव्ह सेट, आणीबाणीसाठी घेतलेला. रेडिओ ऑपरेटर ज्युसेप्पे बियाजी याने मोडतोडीतल्या नळ्या जोडून अँटेना उभारली आणि लगेच एसओएस पाठवायला सुरुवात केली.

उत्तर नाही. पुन्हा पाठवला. उत्तर नाही.

त्यांचं मदतीचं जहाज 'चित्ता दी मिलानो' किंग्ज बे बंदरात उभं होतं, काहीशे किलोमीटरवर. जहाजाचा ट्रान्समीटर दांडगा, त्यामुळे त्याचं बोलणं तंबूत व्यवस्थित ऐकू यायचं. जहाजवाले लोकांच्या खाजगी तारा आणि वार्ताहरांच्या बातम्या पाठवत बसलेत हेही ऐकू यायचं! आणि रात्री रोमच्या सान पाओलो केंद्राच्या बातम्या यायच्या. बियाजी हेडफोन लावून त्या कागदावर उतरवून घ्यायचा आणि सगळ्यांना वाचून दाखवायचा. विचार करा, तुम्ही जिवंत आहात आणि तुमच्या बेपत्ता होण्याची बातमी तुम्हीच ऐकताय, पण "अहो, आम्ही इथे आहोत" हे सांगायची सोय नाही.

असं का झालं? याचं अर्धं उत्तर फिजिक्समध्ये आहे. शॉर्टवेव्हच्या लहरी जमिनीलगत थोड्याच अंतरात विरतात. वर गेलेल्या लहरी आयनांबरावर आपटून परत येतात, पण उतरतात त्या बऱ्याच लांब. मधला पट्टा कोरडाच राहतो. त्याला म्हणतात स्किप झोन. पाऊस शेजारचं शेत सोडून तिसऱ्या गावात पडावा तसा प्रकार. आयनांबर खरंच आहे हे अ‍ॅपल्टनने दाखवून दिलं त्याला तेव्हा तीन-चारच वर्षं झाली होती. म्हणजे "जवळच्याला ऐकू जाणार नाही, लांबच्याला जाईल" हे तेव्हा सगळ्यांना सुचण्यासारखं नव्हतं.

पाच दिवस वाट पाहून ३० मे रोजी तिघं जण पायी मदत आणायला निघाले. मारिआनो, झाप्पी आणि स्वीडिश हवामानतज्ज्ञ फिन माल्मग्रेन. माल्मग्रेनचा खांदा अपघातातच दुखावलेला होता. रेडिओचं कोणी ऐकत नाहीये, मग चालत जाणं एवढाच मार्ग उरतो, असा साधा हिशोब.

आणि चारच दिवसांनी, ३ जूनला, तो एसओएस ऐकला गेला. कुठे? तर दोन हजार किलोमीटरहून लांब, रशियातल्या वोझनेसेन्ये-वोख्मा नावाच्या खेड्यात. निकोलाय श्मिट हा बावीसेक वर्षांचा हौशी पोरगा घरी बनवलेल्या रिसीव्हरवर बसला होता. त्याला तुटक अक्षरं मिळाली: इटालिया, नोबिले, एसओएस. त्याने मॉस्कोला तार केली. तिथून खबर इटलीच्या सरकारकडे गेली आणि सरकारकडून बातम्यांमध्ये.

६ जूनच्या रात्री बियाजी नेहमीसारखा बातम्या उतरवून घेत होता. त्यात बातमी आली की एका रशियन हौशी माणसाने 'इटालिया'चा संदेश पकडलाय. झाली पोच! साऱ्या जगासाठी वाचलेली बातमी, पण खरा पत्ता त्या तंबूचा.

मला यात सगळ्यात खटकलं ते पुढचंच. दोन दिवसांत 'चित्ता दी मिलानो'शी बोलणं सुरू झालं. सेट तोच, अँटेना तीच, अंतरही जवळपास तेवढंच. फरक एवढाच की ते लोक जिवंत आहेत हे आता जहाजाला माहीत होतं, म्हणून कोणीतरी नीट कान देऊन बसलं होतं. तेव्हा उत्तराचा दुसरा अर्धा भाग फिजिक्सचा नाही. आपल्याकडेही प्रॉडक्शनमधला एरर लॉगमध्ये रोज पडत असतो आणि कोणी उघडून बघत नाही, त्यातलाच हा प्रकार. इथे मात्र किंमत माणसांची होती. नोबिलेला २४ जूनच्या सुमारास स्वीडिश वैमानिक लुंडबोर्गने आणलं. तंबूतले बाकीचे पाच आणि पायी गेलेले दोघं १२ जुलैला 'क्रासिन' या रशियन आइसब्रेकरवर पोचले. माल्मग्रेन नाही पोचला. त्याला वाटेतच चालवेना, आणि तो बर्फावरच राहिला. आठवडाभर आधी बातमी आली असती, तर तो तंबू सोडून निघालाच नसता. शोधायला निघालेला महान अमुंडसेनसुद्धा १८ जूनला विमानासकट नाहीसा झाला.

यावर १९६९ साली 'द रेड टेंट' नावाचा सिनेमा आला. त्यात अमुंडसेन झालाय शॉन कॉनरी. आणि श्मिट? ज्याने ऐकलं, त्याला १९४२ साली ताश्कंदमध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून गोळ्या घातल्या. निर्दोष ठरवलं १९८४ मध्ये. त्याची पोच बेचाळीस वर्षांनी आली आणि ती घ्यायला तो नव्हता.

असो. आज रात्री कोणाचा मेसेज वाचून उत्तर द्यायचं राहिलं असेल, तर तेवढं देऊन टाका.