चित्ता संपवला कोणी, किंमत मोजली कोणी?

१७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात नामिबियाहून आणलेले आठ चित्ते सोडले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा आले. नामशेष झालेला प्राणी सत्तर वर्षांनी परतला म्हणून टाळ्या वाजल्या. आम्हाला चित्त्याचे वावडे नाही. पण इतिहास न तपासता टाळ्या वाजवायची सवय बाबासाहेबांनी आम्हाला लावलेली नाही.

चित्ता नाहीसा कोणी केला? मोगल दरबारात चित्ते शिकारीसाठी पाळले जात. अकबराकडे हजार चित्ते होते, असे जहांगीर लिहितो. कैदेत चित्त्याची वीण जवळपास होतच नसे. म्हणून दरबारासाठी ते जंगलातून धरून आणावे लागत. पुढे इंग्रजांनी त्यांना मारण्यासाठी बक्षिसे लावली. १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानचे महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी मारलेले तीन चित्ते देशातले शेवटचे मानले जातात. १९५२ मध्ये सरकारने चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर केले.

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहा. गीरच्या सिंहांना दुसरे घर हवे म्हणून १९९८ ते २००३ या काळात कुनोतील २४ गावे उठवली गेली. दीड हजारांवर कुटुंबे, त्यात बहुसंख्य सहरिया आदिवासी. डिंक आणि तेंदूपानांवर जगणाऱ्या माणसांचे जंगल सुटले. सिंह मात्र आलेच नाहीत. सहा महिन्यांत सिंह हलवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये दिला. तरी गुजरातने एकही सिंह दिला नाही. शेवटी त्याच रिकाम्या केलेल्या जंगलात चित्ते आले.

म्हणजे शिकार राजांनी आणि साहेबांनी केली, प्रायश्चित्त सहरियांनी घेतले. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे २००६ च्या वनहक्क कायद्याचे प्रास्ताविकच कबूल करते. मग तोच अन्याय संवर्धनाच्या नावाने पुन्हा का?

"मग प्राणी वाचवायचेच नाहीत का?" असे कोणी विचारेल. वाचवायचेच. त्याची रीत सम्राट अशोकाने दाखवली आहे. गीरच्या शेजारी, गिरनारच्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वी आपल्या पाकशाळेत रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण एवढेच, आणि पुढे तेही नाही. राजाने संयमाची सुरुवात स्वतःच्या चुलीपासून केली, प्रजेच्या झोपडीपासून नव्हे.

उद्या कोणी प्रयोगशाळेत मॅमथ जन्माला घालू म्हणेल. त्यालाही आपण हेच विचारले पाहिजे: त्याच्यासाठी जागा कोणाची घेणार, आणि त्या माणसांना विचारले का?