कुलाब्याचे आरसे, कात्रजची गच्ची

आमच्या कात्रजच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच: गच्चीवरचे सोलर हीटर भंगारात काढून तिथे वीज देणारे पॅनेल बसवायचे का. तक्रारी खऱ्या आहेत. बोअरच्या पाण्यातला क्षार नळ्यांत साचलाय. पहिल्या मजल्यावर गरम पाणी पोचेपर्यंत दोन बादल्या गार पाणी वाहून जातं. "आता जमाना विजेचा आहे," एक काका म्हणाले. मीही मान डोलावली.

घरी येऊन सहज शोधत बसलो आणि पोचलो थेट १८७०च्या दशकातल्या मुंबईत.

विल्यम ॲडम्स नावाचा इंग्रज तिथे डेप्युटी रजिस्ट्रार होता. म्हणजे कचेरीतला माणूस, इंजिनिअर नव्हे (माझ्या डिग्रीला हे जरा लागलंच). त्या काळात फ्रान्समध्ये ऑगुस्तँ मूशो उन्हावर वाफेचं इंजिन चालवत होता. त्याचा आरसा म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला मोठा धातूचा शंकू. ॲडम्सला तो महाग वाटला, शिवाय मुलामा लवकर काळवंडणार. मग त्यानं साधे सपाट काचेचे आरसे घेतले, १७ बाय १० इंचांचे. बॉयलरभोवती अर्धवर्तुळात ते चौकटीवर लावले आणि सूर्य सरकेल तशी चौकट माणसानं ढकलायची, अशी सोय केली. जास्त उष्णता हवी? आणखी आरसे लावा. आज वाळवंटात मनोऱ्याभोवती हजारो आरसे मांडून वीज करतात, त्यामागची कल्पना हीच.

मिडल कुलाब्यातल्या बंगल्याच्या आवारात त्यानं अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन उन्हाच्या वाफेवर दोन आठवडे चालवलं आणि लोकांना ते बघायला बोलावलं. त्याची सूर्यचूलही होती. जानेवारीत, म्हणजे मुंबईच्या त्यातल्या त्यात थंड महिन्यात, सात सैनिकांचं मांस-भाजीचं जेवण तिच्यावर दोन तासांत शिजलं. १८७८मध्ये त्यानं यावर पुस्तकही लिहिलं. उष्ण प्रदेशांत इंधनाला पर्याय म्हणून सूर्याची उष्णता, हा त्याचा विषय. पण कोळसा रात्रीही जळतो. ॲडम्सचं इंजिन प्रयोगापुढे गेलं नाही.

कल्पना मात्र टिकली. कात्रज म्हटलं की पुणेकरांना दूध आठवतं, म्हणून दुधाचंच उदाहरण. पाश्चरायझेशनला दूध साधारण ७२ अंशांपर्यंत तापवावं लागतं. लातूरच्या महानंद डेअरीत त्यासाठी १६० चौरस मीटरची 'अरुण' ही सूर्याचा माग काढणारी डिश बसवली गेली. शिर्डीच्या प्रसादालयाच्या छतावर २००९पासून ७३ डिश वाफ करतात आणि त्या वाफेवर स्वयंपाक होतो. दोन्हीकडे मधे वीज नाहीच.

मग मी आमच्या गच्चीचा हिशेब मांडला. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६०वर न्यायला साधारण ४ युनिट ऊर्जा लागते. चांगलं ऊन असेल तर सुमारे २ चौरस मीटरचा हीटर हे काम करतो. तेवढ्याच जागेतलं पॅनेल दिवसाला दोन युनिटही देत नाही. ऊन आधी वीज करायचं आणि मग त्याच विजेनं गीझर तापवायचा, हा लांबचा रस्ता. पंपाला, लिफ्टला, जिन्यातल्या दिव्यांना पॅनेल जरूर लावा. आंघोळीला नको.

काका पटकन ऐकतील असं नाही. क्षाराचा प्रश्न ॲडम्सनं सोडवलेला नाही, आणि दोन बादल्यांचाही नाही. रविवारी पुन्हा मीटिंग आहे. त्याआधी प्लंबरला दोन नळ्या काढून बघायला सांगितलंय.