फाशांवर मागितलेला सिंहगड: पोवाड्यातल्या पटापासून स्ट्रीमिंगच्या पडद्यापर्यंत

१.
सिंहगडाच्या पोवाड्याचा आरंभ लढाईने होत नाही, एका खेळाने होतो. शाहीर तुलसीदासाच्या पोवाड्यात जिजाऊ प्रतापगडावर आहेत आणि शिवाजी महाराज राजगडावर. जिजाऊंच्या दृष्टीस दूरचा सिंहगड पडतो आणि तो मोगलांकडे असल्याचे शल्य त्यांना बोचते. महाराजांना तातडीचे बोलावणे जाते. मायलेक पटावर बसतात, फासे पडतात आणि महाराज डाव हरतात. पणापोटी ते दुसरे किल्ले देऊ करतात. जिजाऊंना मात्र सिंहगडच हवा असतो.

२.
दर वर्षी ४ फेब्रुवारी जवळ आली की हा प्रसंग कोणीतरी इतिहास म्हणून सांगतो. मग दुसरा कोणीतरी पुरावा मागतो, आणि पुरावा नाही म्हणून संपूर्ण पोवाडाच खोटा ठरवला जातो. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. हा डाव प्रत्यक्षात झाला का, हा एक प्रश्न. शाहिराला तो मांडावासा का वाटला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लवकर मिळते. दुसऱ्यासाठी थोडा लांबचा प्रवास करावा लागतो.

३.
प्रथम भूगोल. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले आणि १२ स्वतःकडे राखले. राखलेल्यांत राजगड आणि तोरणा होते. हे दोन्ही गड वेल्हे तालुक्यात येतात. त्या तालुक्याला आता राजगडाचेच नाव मिळाले आहे. दिलेल्यांत कोंढाणा होता, आणि शेजारच्या भोर तालुक्यातला रोहिडाही होता. म्हणजे आज एका एस.टी. प्रवासात पार होणाऱ्या या मुलखातून तेव्हा दोन सत्तांची सीमा गेली होती.

४.
राजगड ते कोंढाणा हे अंतर सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर. राजधानीच्या गडावरून स्वच्छ हवेत समोर दिसणारा किल्ला शत्रूच्या ताब्यात, ही स्थिती जवळजवळ साडेचार वर्षे टिकली. तहात किल्ला देणे ही कागदावरची बाब होती. तो रोज डोळ्यांसमोर असणे ही मात्र मावळातल्या माणसांनी भोगलेली गोष्ट होती.

५.
आता साधने. भोर तालुक्यातील कारी हे कान्होजी जेध्यांचे गाव. त्या घराण्याची जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली. तिथी आणि घटना, एवढेच शकावलीचे स्वरूप असते. तिच्यात संवाद नसतात, मनातले विचार नसतात, पट आणि फासे तर नसतातच. इतिहासकार कालक्रम लावतो तो अशा कोरड्या नोंदींवर.

६.
दुसरे साधन सभासद बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने ती १६९७ साली जिंजीला, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली. तिच्यात तानाजी मालुसरे गड घेण्याचे पत्करतात, पाचशे माणूस घेऊन जातात, निवडक मावळे रात्री कड्यावरून वर चढतात. उदेभान आणि तानाजी दोघेही पडतात. भाऊ सूर्याजी लोकांना सावरून गड घेतो. घोरपड तिथे नाही. फासेही नाहीत.

७.
पोवाड्यातले स्थळही साधनांशी जुळत नाही. प्रतापगड ते सिंहगड सरळ रेषेतही सुमारे ५० किलोमीटर आहे, आणि मध्ये भोरच्या डोंगररांगा आडव्या पडतात. शिवाय ४ फेब्रुवारी १६७० नंतर वीसच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, राजाराम महाराजांचा जन्म राजगडावर झाला. राजकुटुंबाचे बिऱ्हाड त्या दिवसांत राजगडावर होते, असेच यावरून दिसते.

८.
‘सिंहगड’ या नावाचेही तसेच. तानाजींच्या मृत्यूनंतर हे नाव पडले, अशी लोकसमजूत आहे. परंतु महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रात ते आधीच आढळते. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: फाशांचा डाव ही शाहिराची रचना आहे. त्याला ऐतिहासिक घटना म्हणता येत नाही.

९.
मग ती रचना कशासाठी? त्यासाठी पोवाडा कसा सादर होतो ते पाहावे लागते. मुख्य शाहिराच्या हाती डफ, बाजूला तुणतुणे आणि झांज, मागे ‘जी जी’ करत सूर धरणारे झीलकरी. समोर शेतकरी, शिपाई, बलुतेदार. पोवाडा चौकाचौकाने पुढे सरकतो. मध्येच शाहीर गाणे थांबवून गद्यात बोलतो, एका पात्रातून दुसऱ्या पात्रात शिरतो, कधी जिजाऊ होतो, कधी तानाजी. शेवट श्रोत्यांना ठाऊक असतो. त्यांना धरून ठेवायचे तर कथेच्या आरंभीच काहीतरी पणाला लागावे लागते.

१०.
फासे तेच काम करतात. तह, मनसब, फर्मान, मोगल दरबाराशी बिघडलेले संबंध ही १६७० ची खरी कारणे डफावर सांगणे अवघड. पण डाव हरलेल्याने पण चुकता करावा, हे गावातल्या पोरालाही कळते. महाभारतातले द्यूत सर्वांच्या ओळखीचे होतेच. शाहिराने राजकारणाचा अख्खा गुंता एका पटावर आणून ठेवला. तहाच्या डावात गेलेला गड आता दुसऱ्या डावाने मागितला जातो.

११.
या कलेला आश्रय देणारेही होते. अफझलखानवधाचा पोवाडा रचणाऱ्या अगिनदासाला घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा बक्षीस मिळाल्याचा उल्लेख त्या पोवाड्यातच येतो. राजाश्रय आटल्यावर गोंधळी आणि शाहिरांनी हे पोवाडे गावोगावी, तोंडपाठ, पिढ्यान्‌पिढ्या चालवले. श्रोता मूठभर धान्य देई, पैसा देई. कथा टिकली ती या लहान लहान देण्यांवर.

१२.
छापखान्याने पहिला मोठा बदल घडवला. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. १८९४ मध्ये ॲकवर्थने निवडक पोवाड्यांचे इंग्रजी पद्य भाषांतर छापले. प्रत्येक सादरीकरणात थोडा बदलणारा पोवाडा आता एका पाठात स्थिर झाला. त्यामुळे तो वाचला, पण त्याची लवचीकता गेली.

१३.
पुढे हरि नारायण आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली आणि कमलकुमारीचे कथानक त्यात गुंफले. तिच्यावरून बाबूराव पेंटरांनी १९२३ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्यात शेलारमामा झाले होते तरुण व्ही. शांताराम. दहा वर्षांनी, १९३३ साली, त्यांनीच प्रभातसाठी बोलका ‘सिंहगड’ दिग्दर्शित केला.

१४.
१० जानेवारी २०२० रोजी ओम राऊत दिग्दर्शित ‘तान्हाजी’ प्रदर्शित झाला आणि थोड्याच काळात स्ट्रीमिंगवर घरोघरी पोहोचला. तिथे जिजाऊ फासे टाकत नाहीत. कोंढाणा परत येईपर्यंत अनवाणी राहण्याची प्रतिज्ञा करतात. माध्यम बदलले की कथेचा पहिला पणही बदलतो, याचे हे चांगले उदाहरण.

१५.
येथे जगातल्या दुसऱ्या एका पटाकडे वळावे लागते. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ या अधिकाऱ्याने नकाशावरचा युद्धखेळ रूढ केला. त्यात फासे होते आणि निकाल सांगणारा पंचही होता. अशा युद्धखेळांच्या परंपरेतूनच १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघाला. यात प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, निवेदक प्रसंग सांगतो, आणि धाडस फळले की फसले हे फासा ठरवतो.

१६.
चाळीस वर्षे हा खेळ मुख्यतः टेबलाभोवतीच खेळला जाई. १२ मार्च २०१५ रोजी आवाजी अभिनेत्यांच्या एका मित्रमंडळाने आपला घरगुती खेळ ‘क्रिटिकल रोल’ या नावाने इंटरनेटवर थेट दाखवायला सुरुवात केली. निवेदक होते मॅथ्यू मर्सर. २०१९ मध्ये त्यांनी एका छोट्या ॲनिमेशनपटासाठी साडेसात लाख डॉलर लोकवर्गणी मागितली. जमले १ कोटी १३ लाखांहून अधिक, ८८ हजारांवर लोकांकडून. त्यातून उभी राहिलेली मालिका २०२२ पासून प्राइम व्हिडिओवर दिसू लागली.

१७.
दुसरे उदाहरण ‘डायमेन्शन २०’. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘ड्रॉपआउट’ ही वर्गणीवर चालणारी सेवा सुरू झाली आणि तिच्याबरोबर हा कार्यक्रमही. निवेदक ब्रेनन ली मुलिगन, समोर सहा विनोदी कलावंत, आणि वीस पैलूंचा फासा. जानेवारी २०२० मध्ये मूळ कंपनीने बहुतेक सर्व कर्मचाऱ्यांना कमी केले. सॅम राइश यांनी तो व्यवसाय विकत घेतला आणि प्रेक्षकांच्या वर्गणीवर तो तगवला. २४ जानेवारी २०२५ रोजी याच कार्यक्रमाचा प्रयोग न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला. टेबलाभोवतीचा खेळ पाहायला अख्खे क्रीडागार भरले होते.

१८.
या दोन परंपरांचा परस्परांशी काही संबंध नाही. तसा जोडणे चुकीचे ठरेल. साम्य आहे ते वाटचालीत. थोडी माणसे, एक निवेदक, अनेक पात्रे. थेट समोर बसलेला श्रोता. राजा किंवा कंपनी मागे सरली तरी लहान देण्यांनी कथा जिवंत ठेवणारे लोक. आणि शेवटी मोठ्या पडद्यावर गेल्यावर गळून पडणारे फासे. ‘क्रिटिकल रोल’च्या ॲनिमेशन मालिकेत फासे पडद्यावर दिसत नाहीत. सिंहगडाच्या कथेतले फासेही ‘तान्हाजी’पर्यंत पोहोचले नाहीत.

१९.
फरकही तितकाच महत्त्वाचा. टेबलावरच्या खेळात फासा काय दाखवील हे निवेदकालाही ठाऊक नसते. तेथील उत्कंठा खरी असते. हानी मात्र काल्पनिक. पात्र मेले तरी खेळाडू उठून घरी जातो. पोवाड्यात नेमके उलटे आहे. फाशांचे दान शाहिराने आधीच ठरवलेले असते, पण हानी खरी असते. कोंढाण्यावर गेलेला माणूस परत आला नाही.

२०.
तुलसीदासाचा पोवाडा या बाबतीत निर्मम आहे. डाव मायलेकांत रंगतो. पण चुकता करायला बोलावणे जाते उमरठ्याला, मुलाच्या, रायबाच्या, लग्नाच्या तयारीत असलेल्या तानाजीकडे. ऐंशी वर्षांचे शेलारमामाही बरोबर निघतात. पट राजवाड्यात मांडला जातो, किंमत मांडवातल्या घराला पडते. हे शाहिराने कोठेही उपदेश म्हणून सांगितलेले नाही. प्रसंगांचा क्रम तसा लावला आहे, एवढेच. समोर बसलेल्या श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरांतून माणसे अशीच गेली होती. त्यांना ते वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

२१.
म्हणून फाशांच्या प्रसंगाला ‘घडले’ म्हणू नये, आणि ‘थाप’ म्हणून टाकूनही देऊ नये. १६७० साली राजगडावर काय घडले, यासाठी तो पुरावा नाही. नंतरच्या काळात मावळातल्या माणसांनी त्या मोहिमेचा अर्थ काय लावला, यासाठी तो उत्तम पुरावा आहे. दोन प्रश्न वेगळे ठेवले की बखर आणि पोवाडा एकमेकांच्या आड येत नाहीत.

२२.
सभासद बखरीत एक तपशील आहे. गड हाती आल्यावर पागेला आग लावली गेली आणि तिचा उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला. तेथे घोरपड नाही, फासे नाहीत. काळोखात पंधरा किलोमीटरवर दिसलेला जाळ आहे. गड आल्याची खूण तेवढी मिळाली होती. कोण पडले हे त्या उजेडात दिसत नव्हते. वेल्ह्याच्या बाजूने राजगड चढणाऱ्याने उत्तर-पूर्वेला सिंहगड शोधावा आणि ती रात्र आठवावी.