आधी पाणी, मग शिबिर: चंद्रपूर-गडचिरोलीच्या कामगार-आरोग्याचा इतिहास

हल्ली अनेक कारखान्यांत आणि ठेकेदारांकडे कामगारांसाठी आरोग्य शिबिर भरते. वजन, रक्तदाब, साखर तपासतात. खर्रा सोडा, मीठ कमी खा, रोज चाला, असे कोणीतरी सांगतो. फोटो निघतो. अशा शिबिरांना मी नावे ठेवणार नाही. कित्येकांना आपला रक्तदाब वाढला आहे हे तिथेच पहिल्यांदा कळते. पण दिवसाच्या रोजीवर जगणाऱ्या माणसाची तब्येत एवढ्याने सुधारते का? याचे बरेचसे उत्तर आपल्याच दोन जिल्ह्यांच्या इतिहासात आहे.

वरोऱ्याची खाण

आपल्याकडे कोळशाचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते वरोऱ्याला, १८७० च्या दशकात. ही सरकारी खाण होती आणि ती १९०६ मध्ये बंद झाली. त्या काळात कामगाराचा आजार हा त्याचा स्वतःचा प्रश्न मानला जाई. १९०१ चा खाण कायदा आला तोही मुख्यतः तपासणी आणि अपघात यांचा विचार करणारा होता. छत कोसळून माणूस मेला तर नोंद व्हायची. वीस वर्षे धूळ ओढून त्याला दम लागला, तर तो गावी निघून जायचा आणि नोंदीत कुठेच यायचा नाही.

१९२३ च्या कायद्याने कामाच्या तासांवर मर्यादा आणली. आठवड्याला जमिनीवर ६० तास आणि जमिनीखाली ५४ तास. तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत कामाला घेण्यास बंदी झाली. डॉक्टर म्हणून मला हा आरोग्याचाच कायदा वाटतो. त्यात औषधाचा उल्लेख नाही, पण शरीराला विश्रांती मिळणे हीच उपचाराची पहिली पायरी असते.

युद्ध, कोळसा आणि कल्याण निधी

दुसऱ्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली. स्त्रियांना जमिनीखाली कामाला पाठवण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठवली गेली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला आणि १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसला आणि तो पैसा घरे, पाणी, दवाखाने, मलेरिया नियंत्रण यांवर खर्च करायचा ठरला. म्हणजे आरोग्याचा खर्च मालकाच्या मर्जीवर न ठेवता मालाच्या किमतीतच घातला गेला.

१९५२ च्या खाण कायद्याने पिण्याचे पाणी, संडास आणि प्रथमोपचार बंधनकारक केले. खाणीच्या तोंडाशी अंघोळीची सोय आणि लहान मुलांसाठी पाळणाघर यांचेही नियम झाले. कोळशाच्या धुळीने होणारा न्यूमोकोनिओसिस हा कायद्याने कळवावा लागणारा आजार ठरला. तो कळवण्याची जबाबदारी तपासणाऱ्या डॉक्टरवरही आहे. १९७३ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी स्थापन झाली. कायम नोकरीतल्या खाण कामगाराला दवाखाना, वसाहत आणि आजारपणाची रजा मिळाली.

इथे एक वैद्यकीय गोष्ट लक्षात घ्या. न्यूमोकोनिओसिस बरा करणारे औषध आजही नाही. फुप्फुसात बसलेली धूळ काढता येत नाही. एक्स-रेने आजार कळतो, पण थांबतो तो पाणी मारून धूळ बसवल्याने आणि त्या माणसाला धुळीतून दूर हलवल्याने. तपासणी हा अर्धाच उपाय आहे.

विमा आला, पण कोणाला?

कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा. महाराष्ट्रात ही योजना प्रथम नागपुरात, १९५४ मध्ये सुरू झाली. औषधोपचार मिळतोच, शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सुमारे ७० टक्के वेतन मिळते. क्षयरोग्याला गोळ्यांइतकीच या पैशाची गरज असते, कारण रोजी बुडेल या भीतीने तो खोकत खोकत कामावर जातो.

पण या छत्रीखाली सगळे मावत नाहीत. १९४८ च्या कायद्यात खाण कायद्याखालच्या खाणी तिच्यातून वगळलेल्या होत्या, हंगामी कारखानेही. महिना २१,००० रुपयांची वेतनमर्यादा आहे. ठेकेदाराने हजेरीत नाव चढवले नसेल, तर हक्क असूनही काही मिळत नाही.

सर्वांत बाहेर राहिला तो जंगलातला मजूर. एप्रिल-मे महिन्यांत गडचिरोली-चंद्रपूरची हजारो कुटुंबे पहाटे तेंदूपाने तोडायला जातात, घरी बसून पुडे बांधतात आणि फळीवर नेऊन देतात. मजुरी शेकड्यावर मिळते. तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, वाघ-अस्वलाचे भय वेगळेच. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला, तो विडी वळणाऱ्यांसाठी. पान तोडणारी बाई त्यात बसत नव्हती.

बाहेरचा अनुभव

ब्रिटनमध्ये १९६७ पासून लंडनच्या सुमारे १८,००० सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास झाला. शहर एकच, सरकारही एकच. तरी सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सारे धरूनही फरकाचा काही भागच उलगडला.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. एका घाऊक दुकानांच्या साखळीतील १६० ठिकाणांपैकी २० ठिकाणी आहार, व्यायाम, ताणतणाव यांचा आरोग्य कार्यक्रम राबवला. एकूण कर्मचारी सुमारे ३३,००० होते. दीड वर्षानंतर कार्यक्रमातल्या कर्मचाऱ्यांनी व्यायाम वाढल्याचे सांगितले. पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी आणि उपचाराचा खर्च यांत लक्षणीय फरक दिसला नाही. सल्ला वाईट नव्हता, पण काम आणि कामाची जागा तीच राहिली होती.

म्हणून काय मागायचे?

व्यवसायात मला एक गोष्ट वारंवार दिसते. कंत्राटी कामगार शिबिरात नाव द्यायला घाबरतात. "अनफिट लिहिले तर उद्यापासून काम बंद," असे ते म्हणतात. ही भीती जाईपर्यंत कुठलेही शिबिर खरे आजार शोधू शकणार नाही. २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्य संहितेत ठरावीक कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी करण्याची तरतूद आहे. ती चांगली आहे, पण तपासणीनंतर काय, हे विचारायला हवे.

तुम्ही मालक किंवा ठेकेदार असाल तर शिबिराआधी या गोष्टी करा. उन्हात काम करणाऱ्याला दर १५-२० मिनिटांनी एक पेलाभर पाणी मिळावे. सावली आणि स्त्रियांसाठी वेगळे संडास असावेत. जड काम दुपारच्या आधी संपावे. धुळीच्या जागी पाणी मारावे. दोषी रिपोर्टवरून कोणाला काढू नये, हलके काम द्यावे. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. पाणी कमी पडणे आणि अतिश्रम यांमुळे त्यांना तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, म्हणून त्यांच्यासाठी पाणी हे औषधच समजा.

खर्रा सोडा हेही सांगायलाच हवे. पण बारा तासांच्या पाळीत भूक आणि झोप मारायला अनेक जण तो खातात. वेळेवर जेवणाची सुट्टी दिली, तर तुमचे सांगणे ऐकले जाण्याची शक्यता वाढेल.

जंगलात एक नवी शक्यता आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा तेंदू आणि बांबूची विक्री स्वतः करू लागल्या. तिथे मालक आणि मजूर एकाच बैठकीत बसतात. फळीवर पाणी, सावली, मीठ-साखरेचे पाणी आणि सर्पदंश झाल्यास गाडी कोणती, हे हंगामाआधीच्या ग्रामसभेत ठरवता येते. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

आणि तुम्ही स्वतः कामगार असाल तर तीन गोष्टी करा. हजेरीत नाव आहे का, हे पाहा. विमा क्रमांक मागून घ्या. प्रत्येक तपासणीचा कागद आणि एक्स-रे स्वतःच्या घरी जपून ठेवा. दहा वर्षांनी दम लागला, तर तो कुठल्या कामाने लागला हे दाखवायला तोच कागद उपयोगी पडेल.