तक्षीम आणि वाटणी

वतनी कागदांत ‘तक्षीम’ हा शब्द दिसतांच त्यावर ‘वाटणीपत्र’ अशी चिठी लावण्याची चाल संग्राहकांत पडली आहे. प्रस्तुत लेखकानेंही हा प्रमाद पुष्कळ वर्षें केला. तक्षीम म्हणजे हिस्सा. हिस्सा ठरणें निराळें, आणि ठरलेल्या हिश्श्याप्रमाणें जिन्नस वांटून घेणें निराळें.

निमे पाटिलकी विकल्याचीं खरेदीखतें पाहावीं. विक्रीनंतर गांवीं पाटील दोन झाले, पण पाटिलकी एकच राहिली. जमिनीस बांध घालतां येतो. पहिल्या विड्यास येत नाहीं! म्हणूनच टिळा-विडा कोणास आधीं, कागदावर नांव कोणाचें वर, हीं कलमें इतक्या बारकाईनें लिहिलेलीं असतात. येथें हक्क विभक्त, वस्तु मात्र सामाईक.

भाऊभाऊ असल्यास प्रश्न अधिक नाजूक होतो. वाटणी नाकबूल झाल्यास ज्ञाति, साक्षी, लेख आणि निरनिराळीं घरें-शेतें यांवरून निर्णय करावा, असें याज्ञवल्क्य सांगतो. नारदाची कसोटी तर संग्राहकांस फारच उपयोगी आहे: परस्परांची साक्ष, जामिनकी व देणेंघेणें विभक्त भाऊच करितात. यास्तव रोख्याच्या शेवटीं साक्षीदारांचीं नांवें अवश्य पाहावीं. परंतु महजरावरील भाऊबंदांच्या नांवांस हा न्याय लावूं नये. तेथें ते गोत म्हणून बसलेले असतात. खरेदीखतावरील भावाची साक्ष ही कित्येकदां केवळ संमतीच असते.

खरी परीक्षा निपुत्रिक भाऊ मेल्यावर होते. मिताक्षरेप्रमाणें अविभक्त कुटुंबांत त्याचा अंश उरलेल्या भावांत विलीन होई व विधवेस अन्नवस्त्र मिळे. तो विभक्त असल्यास तीच वारस ठरे. ही स्थिति 1937 च्या कायद्यानें बदलली. तत्पूर्वीं ‘वाटणी झाली होती कीं नाहीं’ या एका वाक्यावर तिचें सर्व आयुष्य अवलंबून असे. प्रिव्ही कौन्सिलानें 1866 सालीं अप्पूव्हियरच्या खटल्यांत ठरविलें कीं, निश्चित हिश्श्यांनीं मालकी धारण करण्याचा करार झाला कीं हक्क विभक्त होतो. जमीन प्रत्यक्ष मोजून दिली नसली तरी चालतें. म्हणजे तक्षिमेचा कागद निरर्थक नाहीं. तो वाटणीपत्राहून वेगळी गोष्ट सिद्ध करितो, इतकेंच.

यास्तव अशा कागदावर ‘तक्षिमेचा ठराव’ एवढेंच लिहावें. त्याच घराण्याची फारखती, निरनिराळ्या नांवांच्या पावत्या किंवा विधवेची फिर्याद हातीं येईपर्यंत ‘वाटणी’ हा शब्द चिठीवर घालूं नये.